जमिनीखालील इंधनाच्या टाक्या व विहिरीचे पाणी
(इयत्ता सहावी ते आठवीच्या शिक्षकांकरिता)

मुंबई-आग्रा मार्गाने इगतपुरीहून नाशिक, पिंपळगाव बसवंत, चांदवड असे मालेगावपर्यंत जाताना रस्त्याच्या कडेस ठिकठिकाणी पेट्रोल पंप लागतात. पंपाचे यंत्र सर्वांस दिसते; ज्या टाकीतून ते इंधन ओढते ती टाकी मात्र जमिनीत पुरलेली असते. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर कोठे द्राक्षबागेची विहीर असते, कोठे वस्तीची कूपनलिका. टाकीचा पत्रा किंवा तिला जोडलेली नळी कालांतराने गंजते, सांधे सैल होतात, आणि इंधन जमिनीत झिरपू लागते.

ही गळती किती असू शकते, याचे गणित वर्गात अवश्य करवून घ्यावे. सेकंदाला एक थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो असे धरल्यास दिवसाला सुमारे ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक इंधन जमिनीत जाते. पंपावर रोज टाकीत मापकाठी घालून साठ्याचा हिशेब ठेवतात. पण हजारो लिटरांच्या साठ्यात चार लिटरांची तूट उष्णतेने होणाऱ्या फरकात सहज लपून जाते. महिन्याची बेरीज घेतली तरच ती उघड होते. म्हणून रोजच्या नोंदीइतकेच महत्त्व महिन्याच्या ताळ्याला आहे.

दुसरे गणित याहून बोलके आहे. भारतात पेट्रोलमध्ये बेंझीन हा विषारी घटक आकारमानाने शेकडा एकपर्यंत असू शकतो. म्हणजे एका लिटरात सुमारे नऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. भागाकार केला असता, एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन सुमारे नऊ लाख लिटर पाण्यास या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. बेंझीन दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आणि पाण्यात त्याचा वास येऊ लागतो तो लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम झाल्यावर, म्हणजे मर्यादेच्या हजारपट प्रमाणात! पेट्रोलमधील इतर काही घटकांचा वास बराच आधी येतो हे खरे. तथापि बेंझीन त्यांच्यापेक्षा पाण्यात अधिक विरघळते व झऱ्याबरोबर पुढे निघून जाते. यास्तव ‘वास नाही, तेव्हा पाणी चांगले’ हा गावातील नेहमीचा निवाडा येथे लागू पडत नाही.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहरास १९९६ मध्ये याचा अनुभव आला. पंपांच्या टाक्यांतून गळलेल्या पेट्रोलमधील, पाण्यात सहज विरघळणारे एक द्रव्य शहराच्या विहिरींत पोहोचले आणि निम्म्या पाणीपुरवठ्यास मुकावे लागले. अमेरिकेत जमिनीखालील टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा झाला; त्यानंतर तेथे गळतीची पाच लाखांहून अधिक ठिकाणे नोंदली गेली.

नाशिक जिल्ह्याची जमीन या बाबतीत अवघड आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी उताराच्या दिशेने बऱ्याच अंशी एकसारखे सरकते. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा कातळ. पाणी फिरते ते भेगांतून. त्यामुळे पंपालगतची विहीर निर्मळ आणि दूरची नासलेली, असे होऊ शकते. उन्हाळ्यात एखादी विहीर जोराने उपसली तर भेगांतील पाणी तिच्याकडे ओढले जाते व त्याबरोबर दूषित द्रव्यही. म्हणून एकच विहीर तपासून भागत नाही. टाकीच्या वरच्या अंगास एक व खालच्या अंगास निदान दोन निरीक्षण-नळ्या घेऊन, पाण्याची पातळी व नमुना दोन्ही वर्षातून अनेकदा घ्यावे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेसही गावातील तीन विहिरींची पातळी मोजून भूजलाचा उतार काढता येईल. मात्र तिन्ही मापे एकाच पातळीपासून घ्यावीत, काठापासून नव्हे, कारण काठ सारख्या उंचीवर नसतात.

इंधन पाण्याहून हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पातळीबरोबर वर चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि जाता-येता मुरुमास माखून राहते. हे दाखवण्यास काचेच्या बरणीत धुतलेली खडी भरावी, अर्धे पाणी घालावे व हळद कालवलेले गोडे तेल चमचाभर ओतावे. रबरी नळीने पाणी बरणीच्या तळाशी सोडावे व तेथूनच काढावे. पिवळे झालेले खडे मुले स्वतःच मोजतील. या प्रयोगास पेट्रोल किंवा रॉकेल कदापि वापरू नये.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला तरी लगेच पंपाकडे बोट दाखवू नये. लोहयुक्त पाण्यातील जंतूंमुळेही तसाच तवंग येतो. काडीने हलवल्यावर त्याचे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो बहुधा जंतूंचा. फिरून एकत्र आला तर तेलाचा. तेलाचा असला तरी विहिरीवरील इंजिनातून ते ठिबकते काय, हे आधी पाहावे.

वास आल्यास पाणी चाखू नये, विहिरीत कोणी उतरू नये, जवळ काडी ओढू नये. तुरटी वा क्लोरीन यांनी हा दोष जात नाही, आणि घरात उकळल्यास वाफ श्वासात जाते. शाळेतील पाणी-तपासणी संचात बेंझीनची चाचणी नसते. त्यावर ‘योग्य’ असा शेरा मिळाला म्हणून निश्चिंत राहू नये. ग्रामपंचायत, तहसीलदार व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नाशिक येथील कार्यालय यांस लेखी कळवावे व प्रयोगशाळेकडून नमुना घेण्याची मागणी करावी. तो काचेच्या बाटलीत, हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. अर्धी भरलेली बाटली नेल्यास बेंझीन वाटेतच उडून जाते. नव्या पंपासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शाळेपासून ५० मीटर अंतर सांगितले आहे. अडचण असल्यास जादा सुरक्षा-उपायांसह ३० मीटर, त्याहून कमी नाही. जेथे पंप आधीपासून शाळेजवळ आहे, तेथे मुख्याध्यापकांनी हे अंतर टेपने मोजून, कूपनलिकेच्या जागेसह, शाळेच्या नकाशावर नोंदवून ठेवावे.