पावती शंभरची, लाइन दहाची

वीस तारीख होती. जीएसटीची विवरणपत्रं भरायचा शेवटचा दिवस, पुण्याच्या ऑफिसातून फोनवर फोन, आणि माझ्या स्क्रीनवर चाक गरगर फिरतंय. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, गच्चीवर बसून काम संपवलं. रात्रीचे अकरा वाजले. घरात महिन्याला साडेसातशे रुपयांचं फायबर होतं, पावतीवर ठळक अक्षरात शंभर एमबीपीएस.

जोडणी देणाऱ्या माणसाकडे तक्रार केली की उत्तर ठरलेलं. "वहिनी, तुमच्या भिंती दगडाच्या, वायफाय पोचत नाही." म्हणून बावीसशेचा नवा राऊटर घेतला. मग, "संध्याकाळी सगळं गाव चालू असतं." नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉलीनं नीरा-बारामती रस्त्यावरची वायर ओढून नेली, चार दिवस बंद. हंगामात वायर तुटते हे समजू शकते, पण ती उंच बांधणं त्याचंच काम होतं. त्या चार दिवसांचे पैसेही वजा झाले नाहीत. वर घरातच ऐकून घेतलं, तो रोज हेच काम करतो, तुला त्यातलं काय कळतं?

नाताळच्या सुट्टीत भाचा आला. त्यानं वायफाय बाजूला ठेवलं आणि लॅनची वायर थेट लॅपटॉपला जोडली. रात्री नऊला मोजलं, ९.६. पहाटे पाचला, गाव झोपलेलं असताना मोजलं, ९.८. भाचा म्हणाला, "मामी, गर्दीमुळे कमी होत असतं तर पहाटे वाढलं असतं. हे वाढतच नाही. हे दहावर बांधलेलं आहे."

कंपनीच्या अ‍ॅपवर माझं खातं उघडायला गेले, तर ओटीपी येईना. खात्यावर नंबर माझा नव्हताच, जोडणी देणाऱ्याचा होता. कस्टमर केअरला आधार आणि पावत्या पाठवून नंबर बदलून घ्यायला तीन दिवस लागले. आत प्लॅन दिसला, १० एमबीपीएस. पहिल्या दिवसापासून. कंपनीकडे दहाचे पैसे जात होते, वरचे त्याच्या खिशात. पहिला विचार पैशांचा आला नाही, भिंतींचा आला. सासऱ्यांनी बांधलेल्या भिंतींना तो माणूस नऊ महिने दोष देत होता आणि मी मान डोलवत होते.

विचारल्यावर म्हणाला, "चुकून पडलं असेल." माफी नाही. चार महिन्यांचा फरक दिला, बाकीचा आजवर नाही.

तेव्हा जोडणी घेतानाच खात्यावर आपला मोबाइल नंबर घाला आणि ओटीपी आपल्याच फोनवर येतो का ते माणूस दारात उभा असताना बघा. पैसे अ‍ॅपवरून भरा, रोख देऊ नका. स्पीड लॅनच्या वायरीवर मोजा, रात्री आणि पहाटे, आणि दोन्हींचे फोटो ठेवा. दोन्ही वेळा सारखाच कमी आला तर प्लॅन बघा. फक्त रात्री पडत असेल तर लाइनवर माणसं जास्त झालीत. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आठानं भागायचं. पावत्या जपून ठेवा, कागद वाचून सही करा.

तक्रार तोंडी सांगू नका. कंपनीकडून डॉकेट नंबर घ्या, उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार नियामक ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानं अशा तक्रारींसाठी ग्राहक मंचाची वाट बंद झाल्यासारखी होती. त्याच न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोकळी केली, तेव्हा ग्राहक आयोगात जाता येतं. जोडणी देणाऱ्याला कळलं पाहिजे की हे आपल्याला माहीत आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पण पंचायतीच्या भिंतीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतची वायर अशाच कुणाच्या तरी हातात असते. २०२३ पासून सरकारच्या लेखी २ एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, त्यामुळे माझी दहाची लाइनही नियमात बसते. फसवणूक पावतीत होती.

कोऱ्हाळ्यात त्याच माणसाकडून जोडणी घेतलेली बरीच घरं आहेत. आज रात्री नऊला आणि उद्या पहाटे पाचला मोजून बघा. लॅनची वायर नसेल तर माझी घेऊन जा.