पिकअपचा ‘ईसीएम’ बदलण्यापूर्वी

बुलढाणा जिल्ह्यातील शेतमाल खामगाव, मलकापूरच्या बाजारात नेणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांत इंधन किती व केव्हा सोडावयाचे, हे ‘ईसीएम’ ठरवितो. तो बिघडल्यास भरलेली गाडी राजूर घाटातच बंद पडू शकते. मात्र दोष नेहमी त्याचाच असतो असे नाही. प्रथम बॅटरी, फ्यूज, अर्थिंगची तार व जोडण्यांवरील गंज तपासावा. नंतर स्कॅनरवर दोषसंकेत वाचावेत. बदल अटळ ठरल्यास बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी आणि जुळत्या क्रमांकाचाच भाग घ्यावा. त्यात गाडीची माहिती भरावी लागते. इमोबिलायझर असल्यास किल्लीही जुळवावी लागते. मूळ दोष तसाच राहिल्यास नवा भागही निकामी होऊ शकतो आणि गाडीवाल्याचा खर्च दुप्पट होतो.