ग्रामपंचायत निवडणूक : उमेदवाराची पात्रता आणि नामनिर्देशनपत्र

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की गावोगावी पॅनेलची जुळवाजुळव सुरू होते, पारावर व चावडीत बैठका झडू लागतात. परंतु अर्जासोबत कोणते कागद लागतात याची चौकशी मात्र बहुधा शेवटच्या दोन दिवसांत होते. प्रस्तुत लेखकाला निवडणुकीच्या कामानिमित्त अनेक वर्षे तहसील कचेरीत बसावे लागले. छाननीत ज्यांचे अर्ज बाद झाले त्यांत प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचांना बळी पडलेले थोडे, आणि घरातीलच एखाद्या कागदाकडे दुर्लक्ष झालेले फार, असा अनुभव आहे. म्हणून हा विषय निवडणूक नसतानाच समजून घेतलेला बरा.

१९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले आणि महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली अस्तित्वात आला. उमेदवाराची पात्रता व अपात्रता मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातच पाहावी लागते. त्यातील कलम १३ पात्रतेचे व कलम १४ अपात्रतेचे आहे. ही दोन कलमे प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयाच्या फलकावर कायम लावून ठेवण्यासारखी आहेत.

वय आणि मतदार यादी

मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. उमेदवारीसाठी मात्र वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हे वय मतदानाच्या दिवशी नव्हे, तर अर्ज भरण्याच्या अंतिम दिनांकास मोजले जाते. मतदानापूर्वी आठवडाभर एकविसावे लागणाऱ्या तरुणाला त्या खेपेस थांबणे भाग आहे.

उमेदवाराचे नाव गावच्या मतदार यादीत असले पाहिजे. एका प्रभागात नाव असलेली व्यक्ती त्याच गावातील दुसऱ्या प्रभागातून उभी राहू शकते. ही यादी स्वतंत्रपणे तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय विभागून ती केली जाते. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकती मागविल्या जातात तेव्हा विधानसभेच्या यादीत नसलेले नाव नव्याने घालता येत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच यादीत राहिले असेल, तर त्याची दुरुस्ती आधीच व्हावयास हवी. शिक्षकबंधू मतदार नोंदणीचे काम करीतच असतात. घरोघर जाताना त्यांनी हा एक प्रश्न आवर्जून विचारावा.

१ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याआधी जन्मलेल्यांस ही अट नाही.

घरपट्टीची पोचपावती

अपात्रतेच्या कारणांत सर्वाधिक वाद माजतो तो थकबाकीवरून. कर थकला की उमेदवार अपात्र, असे सरसकट समजले जाते. ते बरोबर नाही. पंचायतीच्या अथवा जिल्हा परिषदेच्या कराचे वा फीचे बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत रक्कम न भरल्यास अपात्रता येते. नामनिर्देशनासाठी ठरलेल्या दिवसापूर्वी रक्कम भरली, तर ती अपात्रता राहत नाही. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक जाचक वाटणारी तरतूद आहे : अविभक्त हिंदू कुटुंबातील एकाने कर थकविला, तरी त्यामुळे कुटुंबातील सर्वच जण अपात्र ठरतात.

एका गावी एकाच दिवशी दोन उमेदवारांवर थकबाकीची हरकत आली. दोघांचीही पाणीपट्टी थकलेली होती. पहिल्याच्या बिलावर एकत्र राहणाऱ्या थोरल्या भावाची पोचेची सही होती. त्याचा अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्याच्या नावासमोर नोंदवहीत नुसते 'बिल दिले' असे लिहिले होते, खाली सही कोणाचीच नव्हती. बजावणी सिद्ध न झाल्याने त्याचा अर्ज टिकला. पहिला उमेदवार रागाने म्हणाला, "साहेब, मला तर बिल आल्याचंसुद्धा कुणी सांगितलं नाही." तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही. कायद्यापुढे इलाज नव्हता. पण पंचायतीच्या नोंदवहीतील एका सहीवर गावचा प्रतिनिधी ठरतो, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, ध्यानात ठेवावे.

अपत्ये, अतिक्रमण, शौचालय

दोनपेक्षा अधिक अपत्ये असणारी व्यक्ती अपात्र आहे. ही तरतूद १३ सप्टेंबर २००० पासून लागू झाली. त्या दिवशी ज्यांना अधिक अपत्ये होती, ती संख्या पुढे वाढली नाही तर ते अपात्र ठरत नाहीत. तसेच त्यानंतरच्या एका वर्षात जन्मलेले मूलही धरले जात नाही. कुटुंबनियोजनाचा हेतू चांगला असला, तरी ज्या घरात अपत्यांची संख्या ठरविताना स्त्रीला कोणी विचारत नाही, तेथे शिक्षा मात्र तिलाही होते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

शासकीय जमिनीवर वा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणाराही अपात्र होतो. अतिक्रमण सासऱ्याचे, राहते सून, अशा प्रकरणी काय, हा प्रश्न अनेक वर्षे घोळत होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात असे ठरविले की, अतिक्रमित जागेत राहून तिचा लाभ घेणाऱ्या कुटुंबीयासही ही अपात्रता लागू होते. राहत्या घरी शौचालय असून त्याचा नियमित वापर होतो, हेही प्रमाणपत्राने दाखवावे लागते. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात हितसंबंध असणे, पंचायतीची पगारी नोकरी, शासनाची वा स्थानिक प्राधिकरणाची सेवा ही कारणे सर्वपरिचित असल्याने त्यांचा येथे विस्तार करीत नाही.

राखीव जागा व जातीचा दाखला

राखीव जागेवर उभे राहणाऱ्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र लागते. वैधता प्रमाणपत्र हाती नसल्यास पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा व हमीपत्र देऊन उभे राहता येते. परंतु मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही, तर निवड रद्द होते. ही मुदत शासनाने वेळोवेळी बदललेली असल्यामुळे चालू कार्यक्रमातील सूचनाच प्रमाण मानावी.

या बाबतीत सर्वाधिक ओढाताण स्त्रियांची होते. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. जात जन्माने, म्हणजे वडिलांकडून ठरते. म्हणून विवाहितेला वडिलांचे जुने पुरावे माहेरहून आणावे लागतात. दाखल्यावर माहेरचे नाव आणि मतदार यादीत सासरचे, अशी तफावत तर जवळजवळ प्रत्येक अर्जात आढळते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा विवाह नोंदणीसारखा पुरावा सोबत असला की हरकत तेथेच मिटते. पॅनेलप्रमुखांना उमेदवार म्हणून एखादी भगिनी आदल्या रात्री आठवते. वडिलांच्या शाळेचा दाखला एका रात्रीत मिळत नाही.

अर्ज, छाननी व हिशेब

अर्ज आता संगणकीय प्रणालीत भरून, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. सोबत अनामत रकमेची पावती, मालमत्ता व गुन्ह्यांविषयीचे घोषणापत्र आणि वरील दाखले जोडावयाचे. या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नसल्याने पक्षाचे पत्र लागत नाही. १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जानेवारी २०२१ मध्ये झाली, तेव्हा अर्जांसाठी २३ ते ३० डिसेंबर २०२० हा अवधी होता. अखेरीस संगणक प्रणालीवर इतका ताण आला की, आयोगाला हस्तलिखित अर्ज स्वीकारण्यास मुभा द्यावी लागली आणि शेवटच्या दिवसाची वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. अशी सवलत दर वेळी मिळेलच, असे धरून चालू नये.

छाननीच्या वेळी उमेदवाराने स्वतः हजर राहावे. नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक किंवा अनुक्रमांकाची किरकोळ तफावत यासाठी अर्ज फेटाळावयाचा नसतो. सही नसणे ही मात्र किरकोळ बाब नव्हे. अर्ज फेटाळताना कारण लेखी नोंदवावे लागते. त्याविरुद्ध दाद मागावयाची ती निकालानंतर १५ दिवसांत, कलम १५ अन्वये दिवाणी न्यायाधीशाकडे.

निकाल लागला की हरलेला उमेदवार शेतीकामाला लागतो आणि खर्चाचा हिशेब विसरतो. तो ३० दिवसांत सादर करणे त्यालाही बंधनकारक आहे. योग्य कारणावाचून हिशेब न दिल्यास कलम १४-ब खाली त्याला अपात्र घोषित करता येते, आणि पुढच्या खेपेस अर्ज भरावयास तो येतो तेव्हा ही गोष्ट त्याला प्रथमच कळते. हिशेब देताना कचेरीतून तारखेची पोच अवश्य घ्यावी.