खाऱ्या पाण्याच्या टाकीतील कीड : उपटू नका, जागीच मारा

मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण या भागात मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर शोभेच्या माशांच्या टाक्यांची देखभाल हा एक जोडधंदाही आला. गोड्या पाण्याच्या टाक्या पुष्कळजण सांभाळतात. खाऱ्या पाण्याचे काम मात्र थोड्यांनाच जमते. हे काम शिकू पाहणाऱ्या तरुणांसाठी आज आम्ही ऐप्टेसिया या किडीचा धडा घेत आहोत.

ऐप्टेसिया हे तपकिरी, काहीसे पारदर्शक असे छोटे समुद्रपुष्प आहे. दगडाला चिकटून ते टाकीत येते. त्याच्या दंशाने शेजारचे जीव दुखावतात. चिमट्याने उपटले तर तळपायाचे तुकडे दगडावर राहतात आणि एकेका तुकड्यातून नवा जीव तयार होतो. म्हणजे एकाचे दहा होतात!

उपाय असा करावा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याची भुकटी, थोड्या शुद्ध पाण्यात दाट कालवावी. पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. पंप बंद करावेत. चुना सिरिंजमध्ये भरून हळूच जवळ न्यावा, धक्का लागला तर कीड आत आक्रसते. तिच्या तोंडावर चुना सोडावा. पाव तासाने उरलेला चुना व मेलेले अवशेष नळीने ओढून घ्यावेत, मग पंप सुरू करावेत. एका दिवसात चार-पाचच माराव्यात, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो व मासे धोक्यात येतात. हातमोजे व चष्मा आवश्यक आहे. आठवड्याने पुन्हा तपासावे.

पेपरमिंट झिंगे ही कीड खातात, पण प्रत्येक झिंगा खाईलच असे नाही. तांब्याचे औषध कदापि टाकू नये, त्याने झिंगे मरतात. माशांना जादा खाद्य घालू नये, उरलेल्या खाद्यावर कीड पोसली जाते.

ओढून घेतलेल्या पाण्याची भरपाईही करावी लागते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून १० लिटर पाण्यासाठी सुमारे ३५० ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ धरावे. जेवणातले मीठ चालत नाही. हा खर्च ग्राहकाला आधीच सांगावा.

शेवटी कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळ व समुद्रघोडा यांचा समावेश झाला. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी कोकणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणून देऊ नये. चार पैशांसाठी तुरुंगाची वाट कशाला धरावी? कृत्रिम किंवा कोरडा दगड वापरावा. त्यावर जिवंत कीड येत नाही आणि धंदाही निर्धोक राहतो.