अठराव्या वर्षापर्यंत दार उघडं ठेवा

मुलगी तेरा वर्षांची आहे, राज्यातल्या मानांकन स्पर्धा जिंकते आहे आणि कोच म्हणतात की आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सराव हवा. मग घरात प्रश्न उठतो, शाळा सोडायची का? पुण्यात डेक्कन जिमखाना ते बालेवाडी या पट्ट्यात टेनिस खेळणारी मुलं असलेल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. माझं उत्तर स्पष्ट आहे, नको. पण ते पटायचं असेल तर आधी व्यावसायिक टेनिसचा हिशेब समजून घ्यायला हवा.

सुमित नागलचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर डबल्स, २०१९ मध्ये यूएस ओपनला रॉजर फेडररविरुद्ध पहिला सेट, आणि २०२३ मध्ये एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू. त्याच वर्षी त्याने उघडपणे सांगितलं की आपल्या बँक खात्यात साधारण ९०० युरोच आहेत. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. काही महिन्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, तो क्वालिफाइंगमधून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये आला आणि ३१वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक याला हरवून दुसऱ्या फेरीत पोचला. त्या फेरीची रक्कम होती १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. पुढच्याच महिन्यात चेन्नईतली चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरात शिरला आणि जुलैपर्यंत ६८व्या क्रमांकावर गेला. या काळात त्याचा खेळ एकाएकी दुप्पट झाला नव्हता. तो कोणत्या पायरीवर खेळत होता, ती पायरी बदलली होती.

या पायऱ्या पालकांना पाठ हव्यात. देशांतर्गत वयोगटाच्या स्पर्धा अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या. तेराव्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खेळता येतात, त्यांचे दर्जे जे-३० पासून जे-५०० पर्यंत आणि वर ज्युनिअर ग्रँडस्लॅम. इथे बक्षिसाचा पैसा नसतो, ज्युनिअर ग्रँडस्लॅममध्येसुद्धा नाही. त्यानंतर व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी, पुरुषांची एम-१५ आणि महिलांची डब्ल्यू-१५. नावातले १५ म्हणजे स्पर्धेची एकूण बक्षिसं १५ हजार डॉलर. गेल्या काही वर्षांत पुरुषांच्या अशा स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला करापूर्वी २,१६० डॉलर मिळत आले आहेत आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६. त्यात आठवड्याचं हॉटेल, विमान, जेवण आणि रॅकेटचं गटिंग बसवून पाहा, आणि कोचला बरोबर न्यायचं असेल तर सगळं दुप्पट करा. इथे जिंकणाराही फारसं कमावत नाही. तो पुढची पायरी चढण्यासाठी लागणारे पॉइंट्स मिळवत असतो.

त्याच्या वर चॅलेंजर स्पर्धा. मोठा पैसा ग्रँडस्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये, जिथे एकेरीच्या १२८ जागांपैकी १०४ थेट क्रमवारीवर भरतात. मधल्या पट्ट्यातल्या खेळाडूंची ओढाताण संघटनेलाही मान्य करावी लागली. पुरुषांच्या एटीपीने २०२४ साठी पहिल्या २५० जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली, पहिल्या शंभरासाठी ३ लाख डॉलर आणि १७६ ते २५० क्रमांकासाठी ७५ हजार. तिथपर्यंत पोचण्याच्या वर्षांचा खर्च मात्र घरचा, पुरस्कर्त्याचा किंवा एखाद्या संस्थेचा. म्हणून पहिलं विमानाचं तिकीट काढण्याआधी निदान तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडा आणि तो कोण उचलणार ते लिहा. घर गहाण टाकून हा खेळ खेळवू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या कर्जाचं ओझं प्रत्येक टायब्रेकमध्ये मुलाच्या हातावर येतं.

ज्युनिअर यशावरून भविष्य वर्तवता येत नाही. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता होता, ज्युनिअर क्रमवारीत जगात पहिला. दुखापतींनी त्याची बरीच वर्षं खाल्ली, एकेरीत तो ८३व्या क्रमांकापर्यंत गेला आणि मग डबल्सकडे वळून २०२५ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला. रोहन बोपण्णाने पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँडस्लॅम जिंकलं ते ४३व्या वर्षी. उलट, यानिक सिनर तेरा वर्षांचा होईपर्यंत स्कीइंगही तितक्याच गंभीरपणे करत होता. त्यामुळे "बाराव्या वर्षी सगळं सोडलं नाही तर गाडी चुकली" असं कोणी सांगितलं, तर घाबरू नका.

घाईची किंमत टेनिसने मोजलेली आहे. जेनिफर कॅप्रिअ‍ॅटी १९९० मध्ये, चौदावं वर्ष पुरं होण्याआधीच, व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. सतराव्या वर्षी ती खेळापासून दूर गेली होती. सावरून पहिलं ग्रँडस्लॅम जिंकायला तिला २००१ उजाडावं लागलं. अशा अनुभवांनंतर महिला टेनिसने वयाचे कडक नियम केले. चौदा वर्षांखालच्या मुलीला व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाहीत आणि अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावर मर्यादा आहे. म्हणजे मुलीच्या बाबतीत शाळा सोडून मोकळा झालेला वेळ व्यावसायिक स्पर्धांनी भरायचा म्हटलं, तरी नियमच आडवे येतात.

खरा फाटा अठराव्या वर्षी येतो, आणि तिथे शाळेचं मोल कळतं. अमेरिकेतली विद्यापीठं टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात. शिक्षण, कोच, फिजिओ, जिम आणि भरपूर सामने, तेही घरच्या खिशाला फारशी झळ न लागता. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकी आंतरविद्यापीठ एकेरी जिंकला आणि नंतर जगात ६२वा झाला. बेन शेल्टन २०२२ मध्ये हीच स्पर्धा जिंकला आणि पुढच्या वर्षी यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत होता. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये शिकली आणि हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा विद्यार्थी, २०२४ मध्ये त्याने अल्माटीत एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. हा रस्ता कमी महत्त्वाकांक्षेचा आहे असं अजूनही काही जण मानतात. बाविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन, भरलेल्या शरीराने आणि शेकडो सामन्यांच्या अनुभवाने पुरुषांच्या सर्किटवर उतरणं हे सतराव्या वर्षी रिकाम्या खिशाने उतरण्यापेक्षा मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. अपवाद आहेत. सतराव्या वर्षीच चॅलेंजर पातळीवर सातत्याने जिंकणाऱ्या मुलाने थेट जावं. तशी मुलं मोजकी असतात आणि त्यांचे निकालच ते सांगतात.

या रस्त्याची तयारी नववीत सुरू होते. तिथल्या वरच्या श्रेणीच्या विद्यापीठ टेनिससाठी नववी ते बारावीतले सोळा मुख्य विषय आणि त्यांतले गुण पाहिले जातात, म्हणजे भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. आठवीत शाळा सुटली की हे दार त्याच दिवशी बंद होतं. रोजची हजेरी जमत नसेल तर मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे, पण विषय निवडताना ही अट समोर ठेवा. दहावीनंतर यूटीआर (सामन्यांच्या निकालांवरून ठरणारं खेळाडूचं रेटिंग) आणि ज्युनिअर क्रमवारीसह सामन्यांचे व्हिडिओ तयार ठेवा आणि तिथल्या कोचना मुलालाच ईमेल लिहू द्या. त्यांना खेळाडूशी बोलायचं असतं, वडिलांशी नाही. बारावीनंतर "एक वर्ष सर्किट खेळून बघतो" म्हणण्याआधी नियम वाचा, कारण प्रवेश लांबला तर विद्यापीठाकडून खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात. व्यावसायिक स्पर्धेतलं बक्षीस घेण्यावरही बंधनं असू शकतात. हे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, म्हणून एजंटच्या शब्दावर न राहता विद्यापीठाच्या नियमपालन विभागाकडून लेखी उत्तर मागवा आणि पहिला धनादेश वटवण्याआधी ते हातात असू द्या.