एका हबवर अनेक मोडेम : विजेची तरतूद व मांडणी

करवीर तालुक्यातील उचगाव हे कोल्हापूर शहराला लागून असलेले गाव. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत या जिल्ह्यातील अनेक गावांची वीज व संपर्कव्यवस्था खंडित झाली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी चढत असल्याची वार्ता वेळेवर पोचल्यास नदीकाठची मोटर, जनावरे व वैरण हलविण्यास अवधी मिळतो. यासाठी गावच्या कार्यालयात निरनिराळ्या कंपन्यांचे दोन-तीन यूएसबी मोडेम एकाच संगणकाला जोडून ठेवणे हितावह होय. तिन्ही एकाच कंपनीचे असल्यास तिचा मनोरा बंद पडताच तिन्ही निरुपयोगी ठरतात.

दोषाचे कारण

संगणकाच्या एका खाचेतून अनेक साधने जोडण्यासाठी हब वापरतात. हबवर एक मोडेम नीट चालतो. दुसरा, तिसरा लावताच एखादा मध्येच नाहीसा होतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे अपुरी वीज. यूएसबी २ ची खाच ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर व यूएसबी ३ ची ९०० मिलिअँपिअर वीज देते. साधा हब तेवढीच वीज सर्वांत वाटतो. शिवाय मनोरा दूर असल्यास मोडेम अधिक वीज ओढतो. एका पंपाच्या नळावर चार तोंडे एकदम सोडली, तर शेवटच्या वाफ्यास पाणी पोचत नाही. तसाच हा प्रकार आहे.

उपाय

१. स्वतंत्र अडॅप्टर असलेला हबच घ्यावा. तीन मोडेमांस प्रत्येकी ५०० प्रमाणे १,५०० मिलिअँपिअर लागतात. म्हणून ५ व्होल्टच्या हबास ३ अँपिअरचा अडॅप्टर असावा. हबवर लिहिलेल्या व्होल्टपेक्षा निराळा अडॅप्टर कदापि लावू नये.

२. संगणकाबरोबर हबचा अडॅप्टरही यूपीएसवर घ्यावा. ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मग वीज जाताच संगणक चालू राहतो आणि मोडेम मात्र बंद पडतात.

३. जोडतार आखूड व चांगल्या प्रतीची असावी. मोडेम तापतात, म्हणून त्यांत अंतर ठेवावे.

४. यूएसबीची वीज वाचविण्यासाठी ती आपोआप बंद करणारी संगणकातील योजना रद्द करावी.

५. प्रत्येक मोडेमवर चिठ्ठी लावून तो नेहमी त्याच खाचेत ठेवावा. काही मोडेमांचा अंतर्गत पत्ता एकच असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.८.१. असे दोन एकत्र आल्यास घोटाळा होतो. एकाचा पत्ता बदलावा.

६. कोणता मोडेम आधी व कोणता नंतर वापरावा, हा क्रम संगणकात ठरवून द्यावा. तीन मोडेम जोडल्याने वेग आपोआप तिप्पट होत नाही.

परीक्षा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तिन्ही मोडेम अर्धा तास एकदम चालवून पाहावेत. नंतर एकेक काढून दुसरा काम उचलतो काय, ते तपासावे. शेवटी भिंतीवरील विजेचे बटण बंद करावे. त्यानंतरही संपर्क टिकला, तरच मांडणी पुरी झाली असे समजावे.