गेजवरचा आकडा आणि भिंतीतलं पाणी

खगोलीय कॅमेऱ्याचा देवार, म्हणजे डिटेक्टर थंड ठेवणारं बंद भांडं, निर्वात करायचा म्हणजे त्यातली हवा काढायची, असं आपण धरून चालतो. पंप लावला, तासाभरात गेजवर एक हजारांश मिलीबारचा आकडा आला, व्हॉल्व आवळला आणि द्रव नायट्रोजन ओतायला घेतला. मला मात्र अनुभवाने उलटंच पटत गेलं आहे. हवा काढणं हा त्यातला सोपा आणि लहान भाग आहे. खरं काम पाणी काढण्याचं असतं. ते मोठ्या पंपाने होत नाही, ऊब आणि वेळ दिल्यानेच होतं, आणि डिटेक्टर थंड करण्याआधीच उरकावं लागतं. हा क्रम चुकला की निरीक्षणाच्या रात्री हातच्या जातात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

निर्वात लागतो दोन कारणांसाठी आणि ती दोन्ही वेगवेगळा हिशेब मागतात. डिटेक्टरमध्ये, म्हणजे सीसीडी चिपमध्ये, अंधारातही केवळ उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटत राहतात. तापमान ६-७ अंशांनी उतरलं की हा प्रवाह साधारण निम्मा होतो, म्हणून डिटेक्टर उणे १०० ते उणे १२० अंश सेल्सिअसवर ठेवतात. ही थंडी टिकवायची तर बाहेरच्या भिंतीची उष्णता आतल्या वायूतून डिटेक्टरपर्यंत पोचता कामा नये. पण दाब उतरवत गेलं तरी वायूची उष्णता वाहण्याची ताकद बराच काळ कमी होतच नाही. दुसऱ्या रेणूवर न आपटता रेणू जेवढं अंतर कापतो, ते अंतर भिंत आणि डिटेक्टरमधल्या फटीपेक्षा मोठं झालं की मगच ती घसरते. नेहमीच्या हवेत हे अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतं. एक हजारांश मिलीबारला ते ६-७ सेंटिमीटर होतं. गेजवरच्या त्या आकड्याला अर्थ आहे तो एवढाच. दुसरं कारण बर्फाचं. उणे १०० अंशांवर बर्फाचा बाष्पदाब मिलीबारच्या साधारण एक लक्षांशाएवढा असतो. आतल्या वाफेचा दाब त्याहून जास्त असेल तर ती डिटेक्टरवर गोठणारच. म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने पुरेसा असलेला दाब बर्फाच्या हिशेबाने शंभरपट जास्त ठरू शकतो, कारण पहिल्या तासानंतर आत जे उरतं ते मुख्यतः पाणीच असतं.

हे पाणी पोकळीत तरंगत नसतं. भिंतींवर, सर्किट बोर्डांत, केबलच्या आवरणांत, ओ-रिंगांच्या रबरात ते मुरलेलं असतं आणि आपल्या गतीने सुटतं. न तापवलेल्या धातूवरून सुटणारी वाफ साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. पहिल्या तासानंतर जेवढी सुटते तिचा दहावा भाग दहा तासांनी, शंभरावा भाग चार दिवसांनी. आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात पावसाळ्यात आकाश मिळत नाही, आणि यंत्रं उघडायला निवांत वेळ मिळतो तो नेमका तेव्हाच. २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की हवेतल्या वाफेचा दाब सुमारे २५ मिलीबार असतो. अशा हवेत दोन दिवस उघडा राहिलेला देवार आणि लडाखात हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरड्या थंडीत उघडलेला देवार, या दोघांना एकच वेळापत्रक लावणं चूक आहे. म्हणून देवार उघडताना आत खोलीतली हवा न सोडता कोरडा नायट्रोजन सोडावा, तोही देवार पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्यावरच. झाकण उघडं ठेवायचा वेळ मिनिटांत मोजावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या पंपाचा. सेकंदाला ६० लिटर ओढणारा टर्बो पंप आणला तर काम लवकर होणार नाही का? होत नाही, आणि त्याला कारण आहे ती नळी. एवढ्या कमी दाबाला नळीची वाहकता व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. १ सेंटिमीटर व्यासाची, १ मीटर लांबीची नळी सेकंदाला जेमतेम ०.१२ लिटर हवा जाऊ देते. पलीकडे पंप कितीही दांडगा असो. अडीच सेंटिमीटर व्यासाची, अर्धा मीटर लांबीची नळी लावली तर हाच आकडा ३.८ होतो. तेव्हा पैसे आधी नळीवर घालावेत. आणि नळी कितीही रुंद केली तरी भिंतीतलं पाणी भिंत सोडेल तेव्हाच सुटणार. त्याला घाई फक्त ऊब लावते. डिटेक्टर बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा पाहून, त्याच्या बरंच आत राहून, देवार दोन-तीन दिवस कोमट ठेवून पंपावर ठेवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. द्रव नायट्रोजनची टाकी उणे १९६ अंशांवर असते, ती पाणी गोठवून धरते. तिला लावलेला सक्रिय कोळसा नायट्रोजन आणि ऑक्सिजनही शोषतो. थंड झालेला देवार स्वतःच उत्तम पंप असेल, तर बाहेरच्या पंपावर दिवस का घालवायचे? हे खरं आहे, आणि कोळशाशिवाय महिनोन्महिने निर्वात टिकणारही नाही. पण टाकीने धरलेलं पाणी देवारच्या बाहेर गेलेलं नसतं. देवार गरम होताना ते पुन्हा सुटतं आणि त्या क्षणी जे सर्वांत थंड असेल त्यावर बसतं. म्हणून थंड करताना हीटर लावून डिटेक्टर उबदार ठेवावा, टाकी आणि कोळसा आधी पुरते गार होऊ द्यावेत, मग डिटेक्टर हळूहळू खाली आणावा. गरम करताना उलट: डिटेक्टर आधी वर. बर्फाचा असा थर कितीही पातळ असला तरी नडतो, याची साक्ष अंतराळातल्या दुर्बिणी देतात. तिथे बाहेर अमर्याद निर्वात असतो, तरी यंत्राच्या आत मुरलेलं पाणी सुटतं. युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली आणि काही महिन्यांतच तिच्यात नॅनोमीटरांत मोजावा एवढा बर्फ साचल्याचं लक्षात आलं. मार्च २०२४ मध्ये तिचा एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांवर आणला, तर कॅमेऱ्यात पोचणारा प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला. हबलवर डिसेंबर १९९३ मध्ये बसवलेल्या डब्ल्यूएफपीसी२ कॅमेऱ्यातही थंड खिडक्यांवर साचणारा थर अतिनील प्रकाश अडवत असे; साधारण महिन्यातून एकदा कॅमेरा गरम करून तो उडवावा लागे.

थंड देवार स्वतःच पंपासारखा वागतो, म्हणूनच त्याचं गेज खोटं समाधान देतं. गळती असली तरी टाकी आणि कोळसा ती गिळत राहतात, आकडा सुंदर दिसतो आणि एक दिवस कोळसा भरतो. म्हणून परीक्षा गरम असतानाच घ्यावी. व्हॉल्व बंद करून दर दहा मिनिटांनी दाब वहीत लिहावा आणि आलेख काढावा. रेषा सरळ चढत राहिली तर गळती. चढून वाकायला, सपाट व्हायला लागली तर भिंतीतलं पाणी. थंड देवारला पुन्हा पंप जोडायचा मोह तर कटाक्षाने टाळावा. साध्या रोटरी पंपाच्या नळीतला दाब एक दशांश मिलीबारच्या खाली गेला की तेलाची वाफ उलटी चालू लागते, आणि आतले थंड पृष्ठभाग तिला ओढूनच घेतात. पाणी गरम केल्यावर उडतं. तेलाचा थर तसा उडत नाही आणि निळ्या प्रकाशातली संवेदनशीलता कायमची खातो. तेलविरहित पंपाची सोय नसेल तर नळीत तेलाची वाफ धरणारा सापळा बसवावा. वीज गेली की थांबलेल्या पंपातलं तेलच देवारकडे खेचलं जाऊ शकतं, म्हणून आपोआप बंद होणारा व्हॉल्व लावावा. आपल्या डोंगरमाथ्यांवर वीज जातेच.

विजेवर थंड होणारे पेल्टिए कॅमेरे वापरणाऱ्या हौशी निरीक्षकांनी मात्र हे काही करू नये. त्यांचा कोरडा वायू भरलेला कॅमेरा निर्वातासाठी बनवलेला नसतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीवर वातावरण ८० किलोंचा भार टाकतं. त्यांची खिडकी लहान असली तरी तिची काच तेवढी जाड नसते. त्यांच्यासाठी ओलावा शोषणाऱ्या गोळ्या वेळेवर वाळवणं पुरेसं आहे. मोठ्या देवारमध्ये उलटा धोका असतो. गळणारा देवार भराभर गरम झाला तर कोळशातला वायू एकदम सुटतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो. सुटका-झडप नसलेला देवार माझ्या हाती आला तर मी तो पंपाला जोडणार नाही.